हाक सगळ्यांना सारखीच

मी, फर्निचर कारखान्यातील पॉलिशवाल्याची थोरली बहीण, वय ४३, धंदा त्याच कारखान्यात गाद्यांच्या खोळी शिवणे, राहणार कारखान्यामागच्या गल्लीत, तळमजल्यावर, भावासोबत. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. तोंडाने बोलता येत नाही. तो हातांनी बोलतो. ते मला पूर्ण कळते, कारखान्यातल्या लोकांना कामापुरते कळते. गेटवरच्या वॉचमनला बरेच कळायचे. दोघे दुपारचा चहा एकत्र घेत. भाऊ हातांनी वॉचमनच्या सासऱ्याची नक्कल करी आणि वॉचमन हसून हसून चहा सांडी.

गेल्या महिन्यात कारखान्यातून ड्रिल मशीन चोरीला गेली. तेव्हापासून सुटताना वॉचमन ज्याला हाक मारील त्याने थांबून पिशवी दाखवायची, असा नियम झाला. भावाला वॉचमन खांद्याला हात लावून थांबवी. त्यावर काही कामगारांनी कुरकुर केली, की आमच्यावर खेकसतो आणि याला जावयासारखा वागवतो. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर वॉचमनला सुनावले, "इथे कोणी लाडका नाही. नियम सगळ्यांना सारखा. हाक मारायची, थांबला नाही तर अडवायचा." मी म्हणाले, "साहेब, त्याला हाक ऐकूच येत नाही." साहेब म्हणाले, "ताई, एकाला सूट दिली की उद्या दहा जण मागतील." लोकांना ते पटले.

काल संध्याकाळी सुटी झाल्यावर भाऊ पुढे गेला. मी चपला घालत मागे राहिले होते. वॉचमनने तीनदा हाक मारली. भाऊ चालत राहिला. मॅनेजरसाहेब ऑफिसच्या दारात उभे होते. वॉचमनने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि मागून भावाच्या खांद्यावर काठी मारली. भाऊ वळला आणि दोन्ही हात वर करून विचारू लागला, "काय झालं? माझं काय चुकलं?" मला ते लांबून कळले. कोणीतरी ओरडले, "हात उगारतोय!" तेव्हा एक हात वॉचमनने आणि दुसरा माल चढवणाऱ्या माणसाने धरून पिरगळला. भाऊ हात सोडवायला बघत होता, कारण त्याला बोलायचे होते. ते जास्तच जोर लावत गेले. पिशवीत रिकामा डबा, पाण्याची बाटली आणि माझ्यासाठी आणलेले सुयांचे पाकीट निघाले.

उजव्या हाताची बोटे आणि डावे मनगट मोडले आहे. दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत. मी त्याला भरवते. त्याला तहान लागली आहे की कुठे दुखते आहे, ते एकेक विचारून बघावे लागते.

दवाखान्यात वॉचमन आला होता. दारातच उभा राहिला. "ताई, मी तीनदा हाक मारली हो," एवढेच म्हणाला.

आज भावाला घेऊन तक्रार द्यायला आले. हवालदारसाहेब म्हणाले, की ज्याला मार लागला त्यानेच स्वतः सांगायला हवे, नातेवाइकाने त्याच्या वतीने बोललेले चालत नाही, कायदा सगळ्यांना एकच. म्हणून माझा जबाब फक्त साक्षीदार म्हणून घेतला आहे. भावाने हात उगारला, अशी कारखान्याची तक्रार सकाळीच दाखल झाली आहे, असे मला सांगण्यात आले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे. भावालाही समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवला. त्याचे काही म्हणणे आहे का, असे त्याला दोनदा विचारले. त्याने काही सांगितले नाही, अशी नोंद केली आहे.