मधल्या भिंतीच्या पायातले जाते

मी, उत्तम हाशा तरे, वय ७४ वर्षे, शिक्षण चौथी, पूर्वी कंपनीत रखवालदार, सध्या घरीच, राहणार कोलशेत गावठाण, ठाणे. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर वडिलांनी बांधलेले कौलारू बैठे घर आहे. मध्ये भिंत असून एका बाजूला मी व दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ पोपट राहतो. वाटणीच्या वेळी दोघी सुनांना आईचे जाते पाहिजे होते. भांडण नको म्हणून वडिलांनी ते मधल्या भिंतीच्या पायात घातले. खालची तळी मी उचलून दिली होती. तिच्या कडेचा टवका उडालेला आहे.

पुढे माझी पत्नी शालन हिचे ऑपरेशन झाले त्या पावसाळ्यात मधली भिंत पडली. मी मुंबईला इस्पितळात होतो. पोपट भेटायला आला व म्हणाला, "दादूस, तू वयनीजवल थांब. भिंतीचं माझ्यावर सोड." शालनला घरी आणले तेव्हा भिंत उभी होती, रंगही दिलेला होता. मी पोपटला नारळ व टॉवेल-टोपी दिली.

त्या दिवशी शालनची कॉट खोलीत बसेना. पूर्वी ती बसून उशाला पाण्याची कळशी राहत असे. शालन म्हणाली, खोली लहान झाली आहे. पोपट म्हणाला, "वयनी, कॉट मोठी झाली काय गो?" सगळे हसले. मीही तेथे होतो. कॉट पडवीत ठेवली. शालन शेवटपर्यंत जमिनीवर झोपली.

सध्या पोपट घराची दुरुस्ती करत आहे. काल त्याच्या स्वयंपाकघराची लादी काढून खणताना जुना दगडी पाया लागला. त्याची सून प्राची हिने हाक मारली, "मोठे बाबा, लवकर या, किचनमध्ये जातं निघालंय." मी पाहिले. पाया आत्ताच्या भिंतीपासून दोन हात पोपटच्या घरात आहे. तळी तीच आहे, टवकाही तोच. म्हणजे भिंत माझ्या खोलीत सरकवून बांधलेली आहे. पोपट म्हणाला, "जुन्या गटाराचा दगड हाय तो." मी त्याला अजून काही विचारले नव्हते.

आज सकाळी तेथे काँक्रीट टाकायला माणसे आली, म्हणून मी तळीवर जाऊन बसलो. मी शिवी दिली नाही. घमेले फेकले नाही, ते पाय लागून पडले. पोपटने पोलिसांना बोलावले. मी येथे असताना तिकडे काँक्रीट टाकतील अशी मला भीती आहे. हे हवालदार साहेबांना आधीही सांगितले आहे, पुन्हा सांगतो.

मला जागा परत नको. भिंत आहे तेथे राहू द्यावी. पोपटने माझ्या घरी येऊन शालनच्या फोटोपुढे एवढेच सांगावे की, वयनी, कॉट तेवढीच होती.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. पोपट दाराबाहेर बाकावर बसलेला आहे, त्यालाही ऐकू गेला असेल. मी सांगितला तसाच लिहिला आहे व तो खरा आहे.