तुळशीची ओळ

जाम गावच्या थांब्यावर हिंगणघाटच्या बसची वाट पाहत शरयूबाई बसल्या होत्या. बाजूला रुख्माबाई, नात यामिनीला घेऊन, बहिणीकडे हळदीला निघालेल्या. तोंडाला त्यांच्या कुलूप म्हणून नव्हतं; ओळख नसताना शरयूबाईंनाच सांगू लागल्या.

"माही बहीण हळदीचं गाणं चुकीचं म्हणते. मधातच तुळशीची ओळ घुसडते. आज मी तिच्या बाजूले बसतच नाई."

"आजी, तूच ती ओळ विसरली असशील."

"मी? जीभ जळो तुही!"

"ऐक तं. आमी कॉलेजात तुरीच्या जातींचं हेच करून राह्यलो. त्यांच्या जनुकांची अक्षरं एकाखाली एक मांडतो. एकीत काही नसलं, तं तेवढी जागा रिकामी सोडतो. मंग पुढचं सारं जुळते."

"अन खरी कोणती?"

"दोघीच असल्या तं समजत नाई. एकीनं गाळलं का दुसरीनं घातलं? दूरच्या नात्यातली तिसरी पाहा लागते. तिच्यातही ते असलं, तं बहुतेक एकीचं गळलं."

"मंग लाव वडनेरच्या मामेबहिणीले फोन. ते माह्यासारखंच म्हणते."

फोन लागला. हळदीचं गाणं म्हणायला सांगताच पलीकडची म्हातारी खुशीत गाऊ लागली.

"आजी, तुळस आली."

"ऐकू आलं. बहिरी नाई मी."

"आता वं?"

"आता काय! तुह्या तुरीवानी करतो. तुळस आली का तेवढ्या जागी चूप राह्यतो, अन पुढची ओळ जोरात धरतो."

"म्हणजे बाजूले बसशील?"

"बसाच लागते. तिले एकटीले सूर झेपते काय?"