पंचवीस मीटरची खूण

(रेणापूरजवळचं एक गाव. दुपार. ओसरीवर हरिओम आणि त्याची धाकटी बहीण ऋतुजा. आई जगदेवी शेंगा फोडत बसलेली.)

ऋतुजा : दादा, परत एकदा सांग. गाडी कितीवर होती?

हरिओम : किती बार सांगू? चाळीस. आपल्या अप्पालाबी तेच सांगितलंय, उद्या ठाण्यात जबानीतबी तेच सांगणार.

ऋतुजा : आणि चंद्रप्पाकाका अचानक आडवे आले.

हरिओम : हाव. पिऊन होते ते.

जगदेवी : चंद्रप्पा? गळ्यात शिवाचं लिंग हाय त्याच्या. जन्मात थेंबाला शिवला न्हाई.

हरिओम : माय, तू शेंगा फोड. ऋते, मोबाइलात काय करून राहिलीस?

ऋतुजा : फिजिक्सचं कॅल्क्युलेटर आहे. लातूरला क्लासमध्ये गणितं यावरच ताडून बघतो आम्ही. ब्रेकची खूण किती लांब ते टाकायचं, गाडी किती जोरात होती ते कळतं.

हरिओम : खूण कुणी मोजली?

ऋतुजा : मीच. सकाळी टेप घेऊन गेले होते. पंचवीस मीटर, काका पडले तिथपर्यंत.

जगदेवी : म्हणून सुताराचा टेप आणलास व्हय! मला म्हणलीस, खिडकीला जाळी बसवायचीय.

हरिओम : घरातच पोलीस निघाली की ही! कशापायी पण?

ऋतुजा : काल दवाखान्यात काकांच्या उशाशी बसलेल्या त्यांच्या बायको, चांगुणाकाकू, मला म्हणाल्या, ‘तुझा दादा खोटं बोलायचा न्हाई, बाई.’ तेव्हापासून घास उतरत नाही मला.

जगदेवी : मग काय म्हणतंय ते?

ऋतुजा : सदुसष्ट.

हरिओम : फुकटच्या साइटचा काय भरवसा? रस्ता कोरडा धरला असशील. ओला टाक.

ऋतुजा : ओला? परवा पाऊस कुठं होता?

हरिओम : टँकर सांडत गेला होता म्होरं.

ऋतुजा : बरं, ओला. पन्नास येतंय.

हरिओम : बघ! उतरली का न्हाई? आता खूण वीस मीटर टाक.

ऋतुजा : का म्हणून?

हरिओम : टेप ढिला धरला असशील तू.

जगदेवी : काटा मारणाऱ्या दुकानदारावानी काय करून राहिलास रे? तुझ्या गळ्यातल्या लिंगाला हात लाव अन् सांग, टँकर होता?

हरिओम : माय, उगं काहीबी...

जगदेवी : लाव की.

हरिओम : नव्हता टँकर.

जगदेवी : अन् चंद्रप्पाचं पिणं?

हरिओम : ते अप्पा म्हणाले. पिलेला होता म्हण, आपली बाजू भक्कम होईल.

जगदेवी : लाज आणली रे बाप-लेकानं!

हरिओम : ऋते, त्याच्यात उलटं बघता येतंय का? खरंच चाळीस असती, तर खूण किती पडली असती?

ऋतुजा : रस्ता?

हरिओम : कोरडाच.

ऋतुजा : नऊ मीटर.

जगदेवी : म्हंजी काय गं?

ऋतुजा : म्हणजे नऊ मीटरात गाडी उभी राहिली असती, माय. काका तिथून अजून सोळा मीटर लांब होते.

जगदेवी : आता गं बाई... आता उद्या काय सांगणार तू, हरिओम?

हरिओम : खरं सांगतो. अप्पा काय करायचं ते करू देत. ते आडवे आलेच न्हाईत, माय. कडेला उभे होते. गाडी ओळखली त्यांनी, हात केला. ब्रेक दाबला तशी गाडी घसरत कडेला गेली, अन् त्यांना वाटलं, मी त्यांनाच घ्यायला थांबतोय.