श्रेयनामावलीवर भरली वांगी

...नाही, पण मला एवढंच सांगा, चूक कुणाची? तुम्हाला सांगतो, मी जबाबदारीने बोलतो, अतिशयोक्ती माझ्या स्वभावात नाही. पण वेल्श भाषेतली एक टीव्ही मालिका, ती सोडून गेलेले नट आणि त्यांच्या भूमिका, हा माझ्या एमएच्या प्रबंधाचा विषय, मार्गदर्शक कार्डिफचे, दोन वर्षांत तीस कॅसेट त्यांनी इथे दुबईत, करामाच्या आमच्या घरी पाठवल्या, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कुणी कुठली भूमिका केली हे जिथे येतं, नेमकी तेवढीच दोन मिनिटं पुसून तिथे काय? आईने टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमातून टेप केलेली भरली वांगी! पहिल्या भागाखाली वांगी चिरतात, दुसऱ्याखाली मसाला, आणि फोडणी थेट सातव्या भागाखाली!

"अरे चारू, गोष्ट अख्खी ठेवलीये ना!" ही माझी आई. "शेवटची नावं कोण बघतं?"

कोण बघतं? मी बघतो! अख्ख्या दुबईत बहुधा एकटा मीच बघतो! आधी सिद्धान्ताची प्रकरणं, मग कॅसेट, असा मी पद्धतशीर माणूस. आणि आता प्रबंधाला उरले पंधरा दिवस!

बरं, आईला वेल्श येतं? नाही. शेजारच्या सुचित्रामावशींना? नाही. समोरच्या जहांआराआंटींना? "ज़बान का क्या है बेटा, रोना तो समझ में आता है!" रोज दुपारी मी लायब्ररीत गेलो, की या तिघी टीव्हीपुढे!

मालिकेत ग्वेन नावाची बाई. तिचा नवरा एम्रिस. एम्रिसचं काम एकामागून एक तीन नटांनी केलं. कुणी, कधीपासून? नावं तर वांग्यांखाली! शेवटी वही घेऊन आईपुढे बसलो. "पहिला कधी गेला?"

"नवरा ना? दिवाळीत गायब झाला."

दिवाळीत! प्रबंधात काय लिहू, दिवाळीत?

"मग हिने थोरल्या दिराला घरात घेतलं."

"दीर?"

"आणि ईदनंतर धाकट्याला!" सुचित्रामावशी. "सासू समोर चहा पितेय, पण चकार शब्द नाही!"

"तौबा!" जहांआराआंटी.

मी अत्यंत संयमाने म्हणालो, "आई, तो एकच माणूस आहे. नट बदलले. नावं वाचली असती तर कळलं असतं!"

खलास!

"म्हणजे," आई पुटपुटली, "त्या बिचारीला आम्ही दोन वर्षं उगाच शिव्या घातल्या?"

मला वाटलं, आता माझी माफी मागणार. छे! तिघी सकाळपासून पहिल्या कॅसेटपासून पुन्हा बघताहेत, ग्वेनवरचा अन्याय दूर करायला! व्हीसीआर घरात एकच. दारात उभं राहून विचारलं, "मला कधी मिळेल?"

आई मागे न बघता म्हणाली, "हळू बोल रे, तिचा नवरा आलाय."