गार्डावरचा नाडा

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या कारखान्याचे मालक काकासाहेब; व्यासपीठावर विराजमान सुपरवायझर अप्पारावसाहेब; आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे हेडमिस्त्री त्रिंबकभाऊ; त्यांच्या सौभाग्यवती कस्तुराबाई; आणि चितेगावच्या या उन्हात पत्र्याखाली बसलेल्या माझ्या कामगार बंधूभगिनींनो,

मी माऊली, स्टोअरकीपर. पेशानंच संशयी. दिलेली पक्कड परत आली तरी तीच आहे का, हे मी बघतो. निरोपाच्या भाषणासाठी माझं नाव कोणी आणि का सुचवलं, याचाही मला संशय आहे. असो.

त्रिंबकभाऊंचं आणि माझं जमलं ते याच खोडीमुळं. लाकूड कापायचा हातातला कटर उचलला, की भाऊ आधी पात्यावरचा गार्ड अंगठ्यानं मागं ओढणार, सोडणार, आणि तो खटकन पातं झाकतो का ते पाहणार. जेवून आले, पुन्हा तेच. पातं बदलायचं तर प्लग काढून स्वतःच्या खिशात. एकानं विचारलंसुद्धा, "भाऊ, आम्ही काय दुश्मन हावोत का?" भाऊ म्हणाले, "नाय रे. पर बटन दाबणाऱ्याला काय म्हाईत, माझी बोटं कुठं हायती?"

ही वर्षं कशी गेली ते आपण जाणताच. गावाकडं टँकरची वाट, आणि इकडं संभाजीनगरात पाहावं तिथं इमारती. शटरिंगच्या फळ्या आज सांगितल्या तर काल हव्या. "गार्ड फळीत अडतो, काम खोळंबतं," हे अप्पारावसाहेबांचं वाक्य इथं सगळ्यांना पाठ आहे. मी फक्त वाक्य सांगितलं. नावं ठेवली नाहीत. नोकरी मलाही हवी आहे.

गेल्या खंडेनवमीला रिवाजाप्रमाणं यंत्रांची पूजा झाली. पूजा द्वारकाबाई करतात. चाऱ्यापाण्यावाचून मेंढरं विकावी लागली, म्हणून त्या आमच्याकडं भुसा झाडायला लागल्या. त्यांनी कटरला हळदकुंकू वाहिलं, मुठीला लाल नाडा बांधला. दसऱ्यानंतर भाऊ रजेवर होते, म्हणून कटर त्यांच्या हाताखालच्या हनुमाननं घेतला. फळी कापून कटर खाली आणला, पातं अजून फिरत होतं, आणि गार्ड परतलाच नाही. मांडीला टाके पडले. नाडा गार्डाभोवती होता. हनुमानला तो आधी दिसला नव्हता का? दिसला होता. पण पूजेचा नाडा हातानं कोण तोडणार? आपल्यातल्या कोणी तोडला असता? मी तरी नाही.

ठपका आला द्वारकाबाईंवर. त्या एकच सांगत राहिल्या, "म्या मुठीला बांधला व्हता, सायब. गार्डाला हात बी लावला नाय." भाऊ रजेवरून आले, त्यांनी देवाची माफी मागून नाडा कापला, तर खाली गार्ड मागं जखडणारी तार निघाली. पक्कडीनं पीळ दिलेली. मला सांगा, पूजेला पक्कड कधीपासून लागायला लागली? आणि मुठीवरचा नाडा तारेवर कोणी आणून ठेवला? अप्पारावसाहेब म्हणाले, तारही बाईनंच बांधली असेल. चौकशी संपली. तेव्हापासून द्वारकाबाईंना शेडबंदी. त्या फाटकापाशी उभ्या राहतात. आवार झाडायला बोलावलं तर मजुरी, नाहीतर हात हलवत घरी. मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते आज बोलूनच जातो.

आता कार्यक्रमाप्रमाणं भाऊंनी हा कटर हनुमानच्या हाती सोपवायचा आहे. हार फार सुंदर घातलाय. सकाळपासून कटर अप्पारावसाहेबांच्या केबिनमध्ये कुलपात होता म्हणे, उपकार आहेत. हनुमान, थांब, घाई करू नको. भाऊ, सवयीप्रमाणं एकदा गार्ड बघता का? प्लग लावलेला नाही, मी खात्री केली.

परतला नाही ना? हार जरा बाजूला करा. काकासाहेब, आपणही जवळ या, लांबून दिसायचं नाही. तार आहे. नवी आहे, अजून चकाकतेय. उद्यापासून भाऊ इथं नसणार, हे कोणाच्या तरी सोयीचं दिसतंय.

द्वारकाबाईंनी शेडबंदीपासून शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही, काकासाहेब. मग ही कोणी बांधली? अप्पारावसाहेब, बसा ना. आभारप्रदर्शन व्हायचंय अजून.

भाऊ, आपल्याला आणि कस्तुराबाईंना सुखाचं आयुष्य लाभो. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं, आपण सारे उन्हात थांबलात, मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. ही तार मात्र घालू नका.

द्वारकाबाई, आत या.