फुकटचा पंखा

सहा कोर. आईची झोप. फुकटचा पंखा. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या रांगेत माझ्या पुढे बाप आणि त्याची मुलगी.

"बाबा, सहा कोरचाच प्रोसेसर घेऊ. माझ्या कामाला पुरून उरेल."

"मग अडलंय कुठे?"

"तो गार ठेवायला सोबत फुकट मिळणारा पंखा घोंघावतो. कॉम्प्युटर ठेवायला जागा आईच्याच खोलीत आहे. तिची झोपमोड होईल."

"काल तिलाच विचारलं मी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दिसेनासं झाल्यापासून गप्प खोलीची भीती वाटते. पंखा वाजला की कळेल, पोर शेजारीच आहे."

"मला कधी बोलली नाही."

"तुझ्यासमोर शूर असते ती. रडू नकोस, वेडाबाई. लोकांना वाटेल, प्रोसेसर परवडला नाही."

रांगेत आली तेव्हा तिच्या हातात बिनआवाजाच्या पंख्याचा खोका होता. तो तिने परत फळीवर ठेवला.