उत्तरदाती क्रमांक चौदा

पनवेल स्टँडवर मनिषा उरणच्या गाडीच्या रांगेत उभी होती. पीएचडीसाठी कोळणींना विचारायच्या प्रश्नावल्यांनी तिची पिशवी फुगली होती. पुढे सोनाबाई कोळीण आणि तिची कॉलेजात शिकणारी पुतणी मोनाली.

“काकी, हा शोधनिबंध आपल्या खाडीवर हाय. मॅडमनी विचारलंय, तो कोनासाठी लिवलाय, कशासाठी, नि त्याचं महत्त्व काय.”

“आमच्यावर लिवलाय म्हंजे आमच्यासाठीच ना?”

“नाय. इंग्लिशमदी हाय. दुसऱ्या प्रोफेसरांसाठी.”

“ते काय करतील त्याचं?”

“आपापल्या निबंधात याचं नाव देतील.”

“बरं. नि कशासाठी?”

“खाडीतलं म्हावरं पूर्वीपेक्षा निम्मं झालंय, हे दाखवायला. तूपन हायस त्यात. उत्तरदाती क्रमांक चौदा.”

“तो चष्मेवाला व्हय. होडी लागली तवाच आलेला. म्हनं, आज किती घावलं?”

“मग तू काय सांगितलंस?”

“परक्याला खरं कोन सांगतं? नजर लागते. दोन टोपल्या असल्या तर एक सांगायची. समद्या बायांनी तेच केलं.”

“काकी, अगं, सगळा निबंध त्याच आकड्यांवर उभा हाय.”

“आमी कुटं सांगितलेलं उभा कर म्हून?”

“मग आता महत्त्व काय लिवू?”

“लिव, चौदा नंबरच्या बाईला नजर लागली नाय.”

सोनाबाई सहज मागे वळली.

“तुमी कुटं चाल्ल्या, बाय?”

“उरणला.”

“कामाला?”

मनिषाने पिशवीची चेन लावली.

“नाही, मावशीकडे.”